पकडलेली राणी मुंगी कॉलनी सुरू करेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस होऊन उघडीप पडली, हवा दमट झाली की पंखवाल्या मुंग्या उडतात आणि मुंग्या पाळणाऱ्यांचे लगेच मेसेज सुरू होतात, "राणी सापडली, फोटो बघा, मेटेड (नराशी मिलन झालेली) आहे का?" उत्तरं तीच तीच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवलंय. सोपे प्रश्न आधी, तिरपागडे नंतर.

1. मला एक मोठी मुंगी सापडलीय, ही राणीच आहे ना?

साइज बघू नका, छाती बघा. मला येणाऱ्या फोटोंमध्ये बरेचसे सैनिक मुंग्यांचे असतात, विशेषतः कॅम्पोनोटस म्हणजे आपले मुंगळे आणि फायडोल, यांच्यात काही कामकरी मुंग्यांचं डोकं इतकं मोठं असतं की बघणाऱ्याला वाटतं हीच राणी. पण सैनिकाची छाती सडपातळ असते, बाजूने बघितलं तर मानेपासून कंबरेपर्यंत जवळपास एकच सलग रेघ. राणीची छाती फुगीर, पाठीवर कुबड आल्यासारखी आणि वेगवेगळ्या तकट्या एकमेकींना जोडून बसवल्यासारखी दिसते, कारण आत उडायचे स्नायू ठासून भरलेले असतात. पंख गळलेले असतील तर छातीच्या दोन्ही बाजूंना पंख जिथे जोडलेले होते तिथे छोटे खुंट दिसतात, मोबाईलच्या झूमवर किंवा साध्या भिंगाने कळतात. डोक्यावर मधोमध तीन बारीक टिंबांसारखे डोळे दिसले तर अजून एक खूण, फक्त फॉर्मिकासारख्या काही मुंग्यांमध्ये कामकऱ्यांनाही ते असतात म्हणून एवढ्यावर जाऊ नका.

फोटो पाठवायचा असेल तर वरून नको, बाजूने काढा. वरून काढलेल्या फोटोत सगळ्याच राण्या दिसतात.

2. पंख आहेत म्हणजे राणीच असणार ना?

नाही, नर पण असू शकतो, आणि काही वेळा ती मुंगीच नसते.

नराचं डोकं अंगाच्या मानाने अगदी छोटं, डोळे मोठे, जबडा नावापुरता, अंग बारीक, एकूण अवतार गांधीलमाशीच्या किडकिडीत भावासारखा. राणीचं डोकं आणि जबडा नीट भरलेला असतो. नराचं काम त्या एका उड्डाणापुरतं, त्यानंतर तो फार दिवस जगत नाही.

दुसरा गोंधळ वाळवीचा. तिलाही पाऊस झाला की पंख फुटतात, तीही दिव्याभोवती घोळक्याने येते. वाळवीचे चारही पंख एका मापाचे असतात, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ आणि कंबर अशी नसतेच, छाती आणि पोट सलग. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, मिशीला कोपर असतं आणि कंबर चिमटीत धरल्यासारखी. वाळवीत राजाही लागतो, नुसती राणी ठेवून काही होत नाही, त्यामुळे ती इथल्या प्रश्नांच्या बाहेर.

3. तिचे पंख गळलेत, म्हणजे मेटिंग झालंय ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि सगळ्यात जास्त निराशा इथूनच निघते.

नेहमीचा क्रम असा की राणी उडते, हवेत किंवा उतरल्यावर एका किंवा जास्त नरांशी मिलन होतं, मग जमिनीवर येऊन ती पाय मागे टाकून पंख दाबते, वाकवते आणि मोडून टाकते. हे एकदा समोर बघा, काही मिनिटांचं काम असतं, अंगावरचा ओला रेनकोट काढून फेकावा तसं. त्यामुळे पंख नसलेली राणी एकटी जमिनीवर फिरताना दिसली, तेही त्याच दिवशी उड्डाण झालेलं असताना, तर शक्यता चांगली आहे.

पण मेटिंग न झालेल्या राण्याही पंख टाकतात. डबीत दोन दिवस कोंडली, भिजली, घाबरली, की टाकले पंख. आणि उलटंही होतं, मेटिंग झालेली राणी कितीतरी दिवस पंख घेऊनच बसते (प्रश्न 4 बघा). मी एकदा बाहेरच्या दिव्याखालून सहा राण्या गोळा केल्या, दोन दिवसांत सहाही जणींनी पंख टाकले, मी खूश होऊन सहाही जणींच्या टेस्ट ट्यूबवर तारीख घातली, आणि शेवटी कामकरी निघाल्या फक्त एकीच्या. दिव्यावर आलेल्या राण्यांचं हेच असतं, बऱ्याच जणी मिलनाच्या आधीच उजेडाला भुलून तिथे येतात आणि अडकतात.

म्हणून मी पंखांपेक्षा "कुठे सापडली" हे जास्त विचारतो. उड्डाणानंतर एकटी, पंखाविना, बीळ शोधत किंवा माती उकरत होती, तर उत्तम. दिव्याखाली सापडली, तर सांगता येत नाही. वारुळाच्या तोंडाशी कामकऱ्यांच्या गराड्यात पंखांसकट उभी होती, तर ती अजून उडालेलीच नाही, तिला तिथेच राहू द्या.

4. पंख अजून आहेत. सोडून देऊ का?

लगेच नको. एकटी जमिनीवर सापडली असेल तर ट्यूबमध्ये ठेवा आणि आठवडा-दोन आठवडे बघा. काही राण्या पंखांसकट अंडी घालतात, त्या अंड्यांतून व्यवस्थित कामकरी निघतात आणि बाई तोपर्यंत पंख मिरवत असतात. पंख स्वतः कापायचा किंवा ओढायचा प्रयत्न करू नका, त्याने काही सिद्ध होत नाही आणि छातीला इजा होते.

5. नुसतं बघून खात्रीने कळायची एकही पद्धत नाही का?

जिवंत राणीत नाही. मिलनातून मिळालेले शुक्राणू तिच्या पोटातल्या एका छोट्या पिशवीत साठवलेले असतात आणि तेच तिला जन्मभर पुरवायचे असतात. पाळलेल्या एका लासियस नायगर राणीने जवळपास 29 वर्षं काढल्याची नोंद आहे, आणि नरांशी गाठ पडली ती फक्त सुरुवातीच्या उड्डाणात. ती पिशवी भरलेली असेल तर दुधाळ पांढरी दिसते, रिकामी असेल तर काचेसारखी पारदर्शक, पण ते बघायला राणीला चिरून सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावं लागतं. म्हणजे खात्री मिळते आणि राणी जाते.

बाकी ज्या "खुणा" फिरतात त्यातली एकही पक्की नाही. पोट फुगलेलं आहे, पोटावर पट्ट्यांमधली फिकट कातडी ताणून दिसतेय, हे चांगलं लक्षण वाटतं खरं, पण बिनमेटिंगच्या राणीचंही पोट फुगतं, आणि मर्मिथिड नावाचे दोऱ्यासारखे किडे आत असतील तरी फुगतं. शांत बसली म्हणजे मेटेड आणि पळतेय म्हणजे नाही, हेही तसंच. नव्या ट्यूबमध्ये पहिले दोन दिवस बहुतेक सगळ्याच पळतात.

पुरावा एकच, तिच्या स्वतःच्या अंड्यातून निघालेली कामकरी मुंगी. पुढचे सगळे प्रश्न तिथपर्यंत पोचायचे आहेत.

6. तोपर्यंत तिला ठेवायचं कसं? किती वेळा बघायचं?

टेस्ट ट्यूबचा साधारण एक तृतीयांश भाग पाण्याने भरा, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, इतका घट्ट की पाणी कापसात झिरपेल पण पलीकडे सांडणार नाही. मग कोरडी जागा, त्यात राणी, आणि तोंडाला हवा जाईल असा सैल बोळा. ट्यूब आडवी ठेवा, अंधारात, जिथे कोणी दार आपटत नाही आणि वर स्पीकर नाही अशा जागी. बऱ्याच प्रजातींना 24 ते 27 अंश सेल्सियस मानवतं. कापूस पिवळा पडला तर घाबरू नका, काळी बुरशी दाट व्हायला लागली तर नवी ट्यूब तोंडाला तोंड लावून जोडा आणि जुनीवर उजेड पाडा, ती आपणहून सरकते.

बघायचं आठवड्यातून एकदा, दहा सेकंद. रोज बघितलं तर काय होतं ते मला माहितीय कारण माझी पहिली राणी मी अशीच घालवली, दर संध्याकाळी टॉर्च मारायचो आणि दर सकाळी अंडी कमी झालेली असायची. लाल पारदर्शक कागद गुंडाळला तर थोडी मदत होते, मुंग्यांना लाल रंग नीट दिसत नाही. पण धक्का त्यांना बरोबर कळतो, कागद लावला म्हणून ट्यूब उचलून फिरवायची नाही.

7. खायला द्यायचं का?

हे प्रजातीवर आहे आणि इथे चुकलं तर मेटेड राणीसुद्धा मरते.

बऱ्याच राण्या, म्हणजे कॅम्पोनोटस, लासियस, सोलेनॉप्सिस, मेसॉर यांच्यातल्या बहुतेक, स्वतःला कोंडून घेतात आणि पहिल्या कामकरी येईपर्यंत काहीच खात नाहीत. पोटातली चरबी असते, शिवाय उडायचे स्नायू आता कामाचे नाहीत म्हणून तेच विरघळवून त्यातून अळ्या पोसतात. यांना खाणं टाकलं तर त्यावर बुरशी येते आणि त्या अस्वस्थ होतात, म्हणजे प्रेमाने केलेलं नुकसान.

दुसऱ्या प्रकारच्या राण्या अधूनमधून बाहेर पडून शिकार करतात. मिर्मेशिया, ओडोंटोमॅकस, हार्पेग्नॅथॉस आणि त्यांच्या जवळच्या बऱ्याच शिकारी मुंग्या यात येतात, मिर्मिकाही. यांची राणी कामकरीपेक्षा फार मोठी नसते आणि पोटही आटोपशीर असतं. यांना ट्यूबबाहेर छोटी मोकळी जागा लागते, दर तीन-चार दिवसांनी मारलेल्या किड्याचा तुकडा आणि साखरपाण्याचा थेंब. अशी राणी उपाशी ठेवून "अंडीच घालत नाही, मेटेड नसणार" असं म्हणणारे दरवर्षी भेटतात.

तिसरा प्रकार पानं कापणाऱ्या अ‍ॅटा मुंग्यांचा. ती राणी आईच्या वारुळातून निघताना बुरशीची गोळी तोंडातल्या कप्प्यात घेऊन येते आणि त्या बुरशीची शेती लावते. गोळी मेली की मेटिंग झालेलं असूनही खेळ संपला.

प्रजाती माहीत नसेल तर आठवडाभराने साखरपाण्याचा अगदी बारीक थेंब देऊन बघा. अधाशासारखी प्यायली तर दुसरा प्रकार असू शकतो. तिने त्यावर कापसाचे धागे आणून टाकले तर तिला नकोय, काढून घ्या.

8. अंडी किती दिवसांत घालते? किती दिवस वाट बघायची?

उन्हाळ्यात किंवा पावसाळी उड्डाणात पकडलेली लासियस किंवा कॅम्पोनोटस साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत अंडी घालते, काही तर दुसऱ्याच दिवशी. त्यापुढे पहिली कामकरी निघेपर्यंतचा वेळ प्रजातीवर आणि उबेवर. लाल आग्या मुंगी म्हणजे सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा उबेत महिन्याच्या आत उरकते, लासियस नायगरला सहा ते आठ आठवडे धरा, कॅम्पोनोटसला दोन महिने किंवा जास्तही.

चार आठवडे झाले आणि एकही अंडं नाही तर आधी स्वतःला विचारा की तुम्ही किती वेळा ट्यूब हलवलीत, ऊब पुरेशी आहे का, आणि ही खाणारी राणी तर नाही ना. थंड हवामानातल्या प्रजातींमध्ये अजून एक कारण असतं, हंगामाच्या शेवटी उडालेल्या राण्या कधीकधी हिवाळा झोपून काढतात आणि वसंतातच अंड्यांना हात घालतात. अशा राणीला थंडीत खरंच थंड ठेवावं लागतं, पाच ते दहा अंशांवर काही महिने. तिला घरातल्या उबेत ठेवून रोज "आज तरी?" करत बसलात तर तिची चरबी फुकट जळते.

9. अंडी घातली! म्हणजे झालं ना?

नाही हो. पेढे थांबवा.

मुंग्यांमध्ये फलित अंड्यातून मादी होते, म्हणजे कामकरी किंवा पुढची राणी, आणि फलित न झालेल्या अंड्यातून नर. म्हणजे नराला बाप नसतो, पण आईकडचा आजोबा असतो. मेटिंग न झालेली राणीसुद्धा अंडी घालते, त्यांचा गठ्ठा करते, चाटते, तोंडात धरून ओल्या कापसाजवळ नेते, आई म्हणून तिच्यात काहीही कमी नसतं. बऱ्याचदा ती अंडी पुढे जातच नाहीत, आठवड्यामागून आठवडे गठ्ठा तेवढाच राहतो. आणि गेली पुढे तर नर निघतात.

माझ्या एका मेसॉर राणीची गोष्ट सांगतो. अंडी आली, अळ्या आल्या, सातव्या आठवड्यात पांढरे कोष दिसले. मेसॉरचे कोष उघडे असतात, वर रेशमाचं आवरण नसतं, त्यामुळे भिंग लावून बघितलं तर सगळं दिसतं. डोकं इवलंसं, डोळे मात्र दोन काळे मणी डकवावेत तसे, पाठीला कुबड, आणि छातीच्या बाजूला दुमडलेले दोन पापुद्रे. ते पंख होते. चार कोष, चारही नर. राणी त्यांना कुरवाळत होती आणि मी ट्यूबवरची तारीख पुसत होतो.

10. मग अळी किंवा कोष बघून कामकरी की नर हे आधी कळतं का?

अंड्यावरून नाही. अळीवरून थोडा अंदाज, नराची अळी बहुतेक वेळा पहिल्या खेपेच्या कामकरी अळीपेक्षा मोठी आणि गुबगुबीत होते. कोषावरून चांगलं कळतं, पण कोष उघडा असेल तर. मेसॉर, फायडोल, सोलेनॉप्सिस यांच्या गटात कोष नेहमी उघडाच, तिथे वर सांगितलेल्या खुणा शोधा. कॅम्पोनोटस आणि लासियस सहसा रेशमी आवरण विणतात, ते तांदळाच्या दाण्यासारखं दिसतं आणि आतलं काही दिसत नाही. फाडून बघू नका. पहिल्या खेपेच्या कामकऱ्या बुटक्या असतात म्हणून त्यांचे कोषही छोटे, राणीच्या पोटाच्या तुलनेत फार मोठा कोष दिसला तर शंका घ्या.

एक अपवाद आहे. मेटिंग झालेली असूनही बरेच नर निघू शकतात. ज्या जनुकावर नर-मादी ठरतं त्याची आईकडची आणि बापाकडची प्रत सारखीच निघाली तर फलित अंड्यातूनही नर होतो, आणि अशा जोडीच्या फलित अंड्यांपैकी साधारण निम्म्यांचं असं होतं. थोड्या राण्यांपासून पसरलेल्या सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टामध्ये हे बऱ्यापैकी दिसतं. अशी एकटी राणी कॉलनी उभारताना बहुधा हरते, कारण पोसायचा खर्च पुरा आणि काम करणारे हात निम्मे. म्हणून पहिल्या खेपेत एक नर दिसला की लगेच ट्यूब रिकामी करू नका, सगळे कोष फुटेपर्यंत थांबा.

11. तिने अंडी खाऊन टाकली. आता?

होतं असं. धक्का, उजेड, थंडी, भूक, किंवा अंडंच निकामी असेल तर ती खाते आणि तीच शक्ती वापरून परत घालते. काही अंडी तर मुळात अळ्यांचं अन्न म्हणूनच घातलेली असतात. एकदा खाल्ली म्हणून बिनमेटिंगची ठरत नाही. सारखंच चाललं असेल तर प्रश्न 6 परत वाचा.

12. तिला मदत म्हणून कामकरी मुंग्या आणून सोडल्या तर?

मोठ्या झालेल्या मुंग्या दुसऱ्या वारुळातून आणल्यात तर त्या बहुतेक तिला मारतील, वास वेगळा असतो. त्याच प्रजातीचे फुटायला आलेले कोष दिले तर चालतं, नवी जन्मलेली मुंगी जो वास पहिला मिळेल तो आपला मानते.

पण मी सुरुवातीला हे करूच नका म्हणतो, कारण तुम्ही परीक्षाच बिघडवता. बाहेरच्या कामकरी आल्या की त्या राणीची अंडी सांभाळतात, अळ्या वाढवतात, डबी गजबजते आणि तुम्हाला वाटतं कॉलनी लागली. राणी बिनमेटिंगची असेल तर हे तीन-चार महिन्यांनी कळतं, आणलेल्या कामकरी मरत जातात आणि मागे नर उरतात. शिवाय काही प्रजातींत कामकरी स्वतःच नराची अंडी घालतात, मग कोणाचं काय काहीच कळत नाही. आधी तिच्या स्वतःच्या पोरी येऊ द्या, मग काय मदत करायची ती करा.

13. दोन-तीन राण्या एकाच ट्यूबमध्ये ठेवल्या तर चान्स वाढतो का?

काही प्रजातींत राण्या निसर्गातही एकत्र सुरुवात करतात, लासियस नायगर, सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा, पानं शिवणाऱ्या लाल मुंग्या म्हणजे ओइकोफिला. सुरुवात जोरात होते हे खरं. पण लासियस नायगरमध्ये कामकरी आल्या की भांडणं लागतात आणि शेवटी एकच राणी उरते, कधीकधी तीही पाय गमावून. आणि आपल्या प्रश्नापुरतं बोलायचं तर तीन राण्या आणि एक अंड्यांचा गठ्ठा, त्यात मेटेड कोण हे कसं सांगणार? वेगळ्या ट्यूब, वेगळ्या तारखा.

14. मेटिंग झालेलं नाही हे कळलं. नर आणून सोडला तर?

जवळजवळ कधीच जमत नाही. बहुतेक प्रजातींना उड्डाण लागतं, हवा, उंची, गर्दी, सगळं. शिवाय काही आठवडे एकटी राहिलेली, पंख टाकलेली राणी त्या मनःस्थितीत नसते. वारुळाच्या आतच मिलन करणाऱ्या प्रजाती आहेत, फॅरो मुंगी आणि कार्डियोकॉन्डायला त्यातल्या, पण त्यांच्या राण्या मुळात तुम्हाला अशा रस्त्यात एकट्या सहसा सापडत नाहीत.

15. खणताना वारुळातून मोठी जुनी राणी मिळाली. ही तर नक्की मेटेड, मग सोपं ना?

मेटेड नक्की, पण एकटीने सुरुवात करायला बहुतेक वेळा निकामी. उडायचे स्नायू तिने कधीच वापरून संपवलेत, पहिल्या वेळची ती शिदोरी पुन्हा भरत नाही, आणि भरवायला, चाटायला कामकऱ्यांची सवय झालेली. तिच्याच वारुळातल्या पन्नासेक कामकरी आणि थोडे कोष सोबत असतील तरच ती तगते. आणि ती काढली की मागे राहिलेलं वारूळ, एकच राणी असेल तर, हळूहळू संपतं. मुद्दाम असं खणू नका.

16. एक पाय तुटलाय / मिशी अर्धी आहे. चालेल का?

एक-दोन पायांनी फारसं अडत नाही. मिशी गेली तर जास्त अवघड, अंडी हाताळणं त्यावरच चालतं, तरी एका मिशीवर कॉलनी लावणाऱ्या राण्या बघितल्यात. पोटाला चीर असेल तर आशा ठेवू नका.

17. पंख गळलेले, सापडली योग्य जागी, अंडी मात्र नाहीत आणि काही आठवड्यांत मेली. काय चुकलं?

कदाचित तुमचं काहीच नाही. काही राण्या एकट्याने कॉलनी सुरू करूच शकत नाहीत, त्या दुसऱ्या प्रजातीच्या वारुळात शिरून तिथली सत्ता बळकावतात. लासियस अम्ब्रेटसची राणी तांबूस-पिवळी, डोकं मोठं, पोट त्या मानाने आटलेलं. ती यजमान प्रजातीच्या एका कामकरीला मारून तिचं प्रेत जबड्यात घेऊन फिरते आणि त्या अवतारात वारुळात घुसते. अशी प्रेत घेतलेली राणी दिसली तर ती कोण हे विचारायचीही गरज नाही. फॉर्मिका रुफा गटातल्या राण्याही दुसऱ्या फॉर्मिकांच्या आधारावर सुरुवात करतात, आणि पॉलिएर्गसला तर विळ्यासारख्या जबड्यांमुळे स्वतःचं खाताही येत नाही, तिला कायम पकडून आणलेल्या नोकरांचीच सोय लागते.

ओळखायची ढोबळ खूण म्हणजे छोटं पोट. एकटीने सुरुवात करणारी राणी शिदोरी बांधून निघते, दुसऱ्याच्या घरी जेवायला जाणारी कशाला बांधेल? अर्थात खाणारी राणीही (प्रश्न 7) बारीक पोटाचीच असते, म्हणून आधी प्रजाती ओळखा.

18. माझ्या मुंगीला राणी असते का हेच कळत नाहीये...

डायाकॅमा असेल तर खरंच नसते. त्यांच्यात एक कामकरीच मिलन करून अंडी घालते. हार्पेग्नॅथॉसमध्ये राणी असते पण ती गेल्यावर कामकरी तिची जागा घेऊ शकतात. डोरायलस या फौजी मुंगीच्या राणीला पंखच नसतात, तिची कॉलनी दुभंगून नवी होते, एकटी राणी म्हणजे शून्य. फॅरो मुंगीही तशीच, राणी कामकऱ्या आणि अंडी-अळ्या घेऊन बाजूला सरकते. आणि ओसेरिया बिरोई या मुंगीत राणी नाही, नराची गरज नाही, कामकरीच फलित न झालेल्या अंड्यातून मादी काढते, म्हणजे प्रश्न 9 मध्ये सांगितलेला नियम इथे लागू नाही.

19. विकत घेतलेली राणी "मेटेड" म्हणून आलीय. विश्वास ठेवू?

सोबत तिच्या स्वतःच्या कामकरी असतील तर ठेवा. नुसती राणी आणि चार अंडी असतील तर विकणाऱ्यालाही तुमच्याइतकंच माहीत असतं. परदेशी प्रजाती मागवूच नका, एक निसटली तरी स्थानिक मुंग्यांना त्रास, आणि कायद्याचं लफडं वेगळं. 2025 मध्ये केनियात हजारो राण्या ट्यूबमध्ये भरून देशाबाहेर न्यायला निघालेल्यांना कोर्टाने जबर दंड केला.

20. कामकरी आल्या पण इतक्या बारीक की आजारी वाटतात!

आजारी नाहीत, पहिली खेप अशीच असते. राणीकडे साठा मोजका, त्यात एक धडधाकट मुंगी काढण्यापेक्षा आठ-दहा बुटक्या काढणं तिला परवडतं. एकीला जरी पंख नसतील आणि ती अंडी उचलून फिरत असेल तर तुमचं उत्तर मिळालं, राणी मेटेड. आता साखरपाणी आणि छोटा किडा द्या, त्याच दिवशी.

21. नक्की कळलं की हिच्याकडून होणार नाही. काय करू?

नर निघाले, किंवा पूर्ण हंगाम गेला आणि अंड्यांचा गठ्ठा तसाच, तर दोन पर्याय. ठेवायची असेल तर ठेवा, साखरपाण्यावर ती बराच काळ जगते आणि वागणं बघायला मजा येते. सोडायची असेल तर जिथून आणली तिथेच, दुसऱ्या भागातली किंवा विकत घेतलेली असेल तर अजिबात नाही. संध्याकाळी ओलसर मातीवर दगडाच्या कडेला ट्यूब आडवी ठेवा, बोळा काढा आणि निघून जा, ट्यूब सकाळी उचला. झटकून बाहेर पाडू नका, ती आपली आपण निघते.